आधी झीज, मग माप : डिचोली-पेडण्याच्या पुढच्या चाकांची गोष्ट

चवथ जवळ आली की आमच्या डिचोलीत दोन ठिकाणी गर्दी व्हायची. एक बाजारात, माटोळीच्या सामानासाठी. आणि दुसरी गॅरेजांत. बाजाराच्या गर्दीचे कारण सांगायला नको. गॅरेजांच्या गर्दीचे कारण आजच्या मुलांना मात्र सांगावे लागेल. खाणींवरची वाहतूक पावसाळ्यात बंद असे. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की खनिजाचे ट्रक घराघरांसमोर, फणसाखाली, रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि दसऱ्याच्या आसपास हंगाम सुरू होईपर्यंत हलायचे नाहीत. ट्रकाचे पुढचे अंग उघडून दुरुस्त करण्याचे दिवस म्हणजे हेच, श्रावण आणि भाद्रपद. शेतकऱ्याला सुगी असते तशी गॅरेजवाल्यांना ही सुगी होती.

माझे वडील साखळीच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात मिस्त्री होते. त्यामुळे माझ्या लहानपणीच्या चवथीला उदबत्ती आणि नेवऱ्या यांच्या जोडीला ग्रीसचाही वास आहे. चवथीच्या आदल्या रात्री बाबा घरी आले की आई त्यांना आधी विहिरीवर पाठवायची. केरोसीन आणि साबण लावून हात कोपरापर्यंत स्वच्छ झाल्याशिवाय मखराला हात लावायला परवानगी नसे. नखांतला काळेपणा तरी राहायचाच. बाबा म्हणायचे, "हा मळ नव्हे, हे वंगण आहे. देवाला चालते."

गोव्याच्या खाणींबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. मालक, निर्यात, बार्ज, बंदर, न्यायालयाचे निकाल, सगळे. मी यंत्रशास्त्रात पदविका घेतली आणि गेली वीसहून जास्त वर्षे राज्य सरकारच्या नोकरीत आहे; अभ्यासक नाही. पण आपल्या भागाच्या इतिहासातले एक पान रिकामे राहिले आहे असे मला नेहमी वाटते. हे सगळे ज्या चाकांवरून गेले, ती पुढची चाके सरळ कोण ठेवत होते? मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा लिहायला सांगितले तेव्हा हाच विषय घ्यायचे ठरवले.

आख, धाव आणि पाचर

चाकाची आणि आपली ओळख जुनी आहे. बैलगाडीचे शब्द अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत : मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेरची लोखंडी धाव आणि दोन्ही चाकांना जोडणारा आख. बैलगाडीला दोनच चाके, त्यामुळे वळवण्याची वेगळी सोय लागत नाही. बैल वळले की गाडी वळते. आतल्या बाजूचे चाक कमी फिरते, बाहेरचे जास्त फिरते आणि दोन्ही आपापल्या परीने मोकळी असल्याने कुठे भांडण होत नाही.

भांडण सुरू होते चार चाकांपासून. देवाचा रथ ओढताना हे सगळ्यांनी पाहिले आहे. रथाचे पुढचे आणि मागचे आख एकमेकांना समांतर ठोकलेले असतात. त्यामुळे रथ सरळ जायला तयार असतो, वळायला नाही. वळणावर माणसे चाकाखाली लाकडी पाचर सारतात, दोरखंडाची एक बाजू जास्त ओढतात, आणि रथ करकरत, घासत कसाबसा वळतो. वर्षातून एकदा, शेकडो हातांनी हे जमते. रोजच्या वाहतुकीला जमत नाही.

युरोपातल्या घोडागाड्यांनाही वळणाची अडचण होती. म्युनिकचा गाड्या बनवणारा कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर याने त्यावर तोड काढली : पुढचा आख जागेवर ठेवायचा, आणि त्याच्या दोन टोकांना दोन उभ्या खिळींवर चाके अशी बसवायची की प्रत्येक चाक स्वतंत्र वळेल. दोन्ही चाके एका दांड्याने जोडायची, पण ती जोडणी अशी करायची की वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा थोडे जास्त वळेल. लंडनमध्ये रुडॉल्फ आकेरमान याने १८१८ साली त्याच्या वतीने पेटंट घेतले, म्हणून आज पुस्तकात नाव आकेरमानचे आहे, कारागिराचे नाही. आम्हाला पदविकेला ही आकृती काढावी लागायची. त्या उभ्या खिळीला आज किंगपिन म्हणतात आणि जोडणाऱ्या दांड्याला टाय रॉड. दोनशे वर्षांत ट्रकाच्या पुढच्या आखाची मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

सरहद्दीवरची गाडी

पेडणे आणि डिचोली हे तालुके नव्या काबिजादीतले. पोर्तुगीजांकडे ते अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले, पेडणे १७८८ मध्ये. त्यामुळे बार्देश-तिसवाडीपेक्षा इथली भाषा, देवळे, सोयरिकी सावंतवाडी-दोडामार्गाकडे जास्त वळलेल्या राहिल्या. रस्तेही तसेच. एका बाजूला तेरेखोल नदी, दुसऱ्या बाजूला शापोरा, मध्ये मालप्यासारखे चढ-उतार. पेडण्याच्या माणसाला कुठेही जायचे तर नदी किंवा घाटी चुकत नसे.

मोटारी आल्यावर एक गंमत झाली. पोर्तुगालने १९२८ साली आपल्या देशातली वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूवरून उजव्या बाजूला नेली. गोव्यात मात्र ती डावीकडेच राहिली, कारण पत्रादेवी किंवा दोडामार्ग ओलांडला की ब्रिटिशांच्या अमलाखालचा हिंदुस्थान होता आणि तिथे सगळे डावीकडून चालत. राज्य लिस्बनचे असले तरी रस्त्याने शेजाऱ्याचे ऐकले. सरहद्दीवर राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

त्या काळची सार्वजनिक गाडी म्हणजे कारेर. लाकडी बांधणीची, ठेंगणी, माणसे, कोंबड्या, नारळ, भाताची पोती सगळे एकत्र घेऊन जाणारी. कारेरीचा शोफेर हा गावातला मोठा माणूस. तेव्हा स्टिअरिंगला आजच्यासारखी तेलाच्या दाबाची मदत नसे. वळण घ्यायचे म्हणजे शोफेराला खांद्यापासून जोर लावावा लागे. पुढची चाके बिघडलेली असतील तर तो जोर दुप्पट व्हायचा. जुन्या शोफेरांचे उजवे आणि डावे खांदे सारखे नसत, असे बाबा सांगायचे. मी ते शास्त्रात वाचलेले नाही, पण दोघातिघांच्या बाबतीत स्वतः पाहिले आहे.

१९५५ हे वर्ष पेडणेकर विसरत नाहीत. १५ ऑगस्टला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच सुमारास भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि सरहद्दीवरून येणारा माल थांबला. गोव्यात जे यायचे ते मुरगाव बंदरातून बोटीने येऊ लागले. भात-भाजीची टंचाई झाली त्याच्या आठवणी घरोघरी आहेत. तशी एक आठवण गॅरेजांतही होती. बाबांना ज्यांनी काम शिकवले, ते वस्ताद त्या काळात उमेदवारी करत होते. सुटा भाग मिळत नसल्याने झिजलेले बुश बदलण्याऐवजी लेथवर नवे कातून बसवायचे, एका गाडीचा पाटा दुसरीला लावायचा, असे दिवस त्यांनी काढले. त्यातून त्यांना एक सवय लागली : भाग बदलण्याआधी तो का झिजला ते पाहायचे. भाग दुर्मीळ असला की माणूस कारण शोधतो.

मग १८ डिसेंबर १९६१ ची पहाट उजाडली. भारतीय सैन्य उत्तरेकडून उतरू लागले तेव्हा माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी डिचोलीचा, कोलवाळचा आणि अस्नोड्याचा पूल सुरुंगाने उडवला. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पूल पुन्हा बांधले गेले आणि त्यांच्यावरून भारतात बनलेले ट्रक येऊ लागले. टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझबरोबर १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली होती. मद्रासची अशोक लेलँडही उभी राहिली होती. सुटे भाग आता कोल्हापूर-बेळगावहून रात्रीत येऊ लागले. आमच्या भागाच्या मिस्त्रींसाठी मुक्तीचा एक अर्थ हाही होता.

दहा टनांचा ढीग

खाणींची सुरुवात मुक्तीच्या आधीची. दुसऱ्या महायुद्धानंतर लोखंडाच्या खनिजाची निर्यात सुरू झाली. आधी काम घमेली आणि फावड्यांचे होते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी पोलाद कारखान्यांनी डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या खाणीसाठी यंत्रसामग्रीला पैसा पुरवला आणि यांत्रिक खाणकाम मूळ धरू लागले. खाणीतून खनिज ट्रकात, ट्रकातून नदीकाठच्या धक्क्यावर, तिथून बार्जमध्ये आणि मांडवीतून मुरगावला. आमोणे, सारमानस ही नावे त्यामुळे जहाजांच्या कागदपत्रांत गेली.

या साखळीतला ट्रकाचा टप्पा सगळ्यात लहान, आणि वाहनाला सगळ्यात त्रासाचा. अंतर दहा-बारा किलोमीटर, पण फेऱ्या दिवसभर. लांब पल्ल्याचा ट्रक मुंबईपर्यंत सरळ चालतो; खाणीचा ट्रक सारखा वळतो, थांबतो, खड्ड्यात उतरतो, चढतो. त्यात खनिज फार जड. दहा टन खनिज म्हणजे जेमतेम चार-पाच घनमीटर. हौद्यात तो ढीग एवढासा दिसतो की अर्धा हौदा रिकामाच वाटतो. म्हणून आणखी दोन फावडी, मग आणखी दोन. पैसा टनावर मिळायचा. मोहाला जागा इथेच होती.

त्या लाल धुळीबद्दल कोणी काही सांगायला नको. आमच्या भिंती, केळीची पाने, दोरीवरचे कपडे, सगळे लाल असायचे. पण ती धूळ आणखी एका ठिकाणी जायची. किंगपिनच्या बुशात, टाय रॉडच्या गोळ्यात, पाट्यांच्या मधल्या फटीत. ग्रीसमध्ये लोखंडाच्या खनिजाची धूळ मिसळली की ते वंगण राहत नाही. पॉलिश करायची पेस्ट होते. जे झीज थांबवायला भरले, तेच झीज करू लागते. म्हणून खाणीच्या ट्रकाला ग्रीस किती भरले यापेक्षा जुने किती बाहेर काढले याला महत्त्व होते.

बाबांचे काम

बाबांची पद्धत ठरलेली होती. मालक यायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंट करून द्या." बाबा मापाची सळई हातात घ्यायचे नाहीत. आधी टायरांतली हवा दोन्ही बाजूंना सारखी करायचे. मग जॅकने पुढचा आख उचलायचे. चाक वर-खाली धरून हलवायचे : हलले तर किंगपिन किंवा बेअरिंग. मग डावीकडे-उजवीकडे धरून हलवायचे : हलले तर टाय रॉडची टोके. चाक वर उचललेले असतानाच ग्रीस भरायचे, कारण जमिनीवर वजन असताना ग्रीस दाबाच्या बाजूला पोचत नाही. मग पाट्यांवर हात फिरवायचे. पाटा तुटला आहे का, यू-बोल्ट सैल आहे का, मधला सेंटर बोल्ट शाबूत आहे का.

एकदा असेच झाले. एक ट्रक दोन ठिकाणी अलाइनमेंट करून आला होता, तरी ओढत होता. बाबांनी टेप घेतला आणि डाव्या बाजूचे पुढचे चाक ते मागचे चाक हे अंतर मोजले, मग उजव्या बाजूचे. दीड सेंटिमीटरचा फरक निघाला. सेंटर बोल्ट आतल्या आत तुटला होता आणि आखाची एक बाजू पाट्यावरून मागे सरकली होती. बाहेरून काही दिसत नव्हते. पुढच्या चाकांचे माप कितीही नेमके केले असते तरी तो ट्रक सरळ चालणार नव्हता, कारण आखच तिरका बसला होता.

हे सगळे झाल्यावर शेवटी माप. पुढच्या दोन टायरांवर खडूने रेघ काढायची. दोन्ही रेघांतले अंतर आधी टायरांच्या पुढच्या बाजूला मोजायचे, मग चाक अर्धे फिरवून मागच्या बाजूला. पुढे किंचित कमी भरले पाहिजे, दोन-तीन मिलिमीटर. याला टो-इन म्हणतात. चाके थोडी आत बघत असली की चालताना वजनाने आणि रस्त्याच्या घर्षणाने ती बरोबर सरळ येतात. दोन-तीन मिलिमीटर म्हणजे तांदळाचा एक दाणा आडवा ठेवला एवढेच.

एवढ्याशा मापाने काय होते, असे मला लहानपणी वाटायचे. पुढे पदविकेला असताना मी हिशेब केला. टायर एक मीटर व्यासाचे धरले आणि माप दहा मिलिमीटरने चुकले, तर दर किलोमीटरला दोन्ही चाके मिळून दहा मीटर आडवी घासली जातात. दिवसाला सहा फेऱ्या, जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर, म्हणजे १४४ किलोमीटर. त्यात जवळजवळ दीड किलोमीटर टायर रस्त्यावर आडवे खरडले गेले. मी हा हिशेब बाबांना कौतुकाने दाखवला. त्यांनी कागद वाचला, घडी करून मला परत दिला आणि म्हणाले, "टायर गेले तर मालकाचे पैसे गेले. चाक गेले तर कोणाचे काय जाईल ते कागदावर येत नाही."

ते असे का म्हणाले, हे मला आईने नंतर सांगितले.

मी शाळेत जाऊ लागण्याआधीची गोष्ट. चवथीचा आदला दिवस होता. एक ओळखीचा मालक संध्याकाळी ट्रक घेऊन आला. चाक हलत होते, किंगपिनचे बुश गेले होते. नवे बुश बसवायचे तर दुसरा दिवस लागणार होता आणि दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद. मालकाला सणात एक भाडे मिळाले होते. तो म्हणाला, "मिस्त्री, आत्ता नुसते माप करून द्या, चवथ झाल्यावर बुश घालू." बाबांनी नको म्हटले, मग पुन्हा त्याने विनवले, आणि बाबांनी माप करून दिले. झिजलेल्या खिळीवर केलेले माप त्या क्षणापुरतेच खरे असते. चौथ्या दिवशी उतारावरच्या वळणावर ब्रेक लावताना पुढचे चाक फडफडले, ट्रक डावीकडे गेला आणि सायकलवरच्या एका माणसाला लागला. माणूस वाचला. पण त्याचा पाय पुढे कधी नीट झाला नाही. पोलिसांच्या कागदांत बाबांचे नाव आले नाही. मालकाने त्यांना दोष दिला नाही. त्या माणसालाही त्यांच्याबद्दल माहीत नव्हते. बाबा मात्र त्याला वर्षातून एकदा, चवथीच्या आधी, तांदूळ आणि नारळ घेऊन भेटायला जायचे. तो कोण, हे आम्हाला ते सांगत नसत. "माझे एक देणे आहे," एवढेच.

त्यानंतर गॅरेजात त्यांचा नियम झाला : आधी झीज, मग माप. खिळी हलत असेल तर सळई हातात घ्यायची नाही. मालक रागावून दुसरीकडे गेले तरी चालेल. काही गेलेही.

ट्रक उभे राहिले तो भाद्रपद

२००० नंतरच्या दशकात चीनची मागणी वाढली आणि आमच्या तालुक्यात ट्रक किती झाले ते सांगता येणार नाही. गोव्यातून २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांच्या वर खनिज परदेशी गेले. त्यात परराज्यातून आलेले थोडे खनिजही होते, आणि डिचोलीबरोबर सत्तरी, सांगे, धारबांदोडा यांचाही वाटा होता. तरी एका ट्रकाला दहा टन धरले तर तो आकडा पन्नास लाख फेऱ्यांचा होतो. पन्नास लाख वेळा कोणीतरी भरलेला ट्रक वळणावरून नेला.

माझ्या काकांनीही घराच्या कागदांवर कर्ज काढून ट्रक घेतला होता. गावोगाव हेच झाले. शिक्षक, शेतकरी, पंचायतीतले कारकून, सगळ्यांच्या घरी एक तरी ट्रक. त्या भरभराटीची दुसरी बाजूही आम्ही पाहत होतो : विहिरी आटल्या, शेतांत गाळ गेला, रस्त्यावर मुलांना शाळेत पाठवताना आयांचा जीव वर-खाली व्हायचा. परवान्यांतला बेकायदा कारभार पुढे शाह आयोगाच्या अहवालात आला. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही ते थांबवले.

त्या वर्षी चवथ १९ सप्टेंबरला होती. म्हणजे ट्रक बंद पडायची बातमी आली तेव्हा चवथीला नऊ दिवस होते, आणि गॅरेजांत सुगी होती. हंगामासाठी पुढची अंगे उघडून, नवे किंगपिन, नवे बुश, नवे पाटे घालून ट्रक तयार होत होते. काकांचा ट्रक त्यांपैकीच. बाबांनी स्वतः त्याचे माप केले होते. तो सरळ, तयार ट्रक फणसाखाली उभा राहिला तो उभाच राहिला. टायरांतली हवा गेली, पाटे गंजून एकमेकांना चिकटले. बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी दिली, पण २०१८ मध्ये ८८ खाणींच्या परवान्यांचे नूतनीकरणच रद्द झाले आणि मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळे थांबले. तोपर्यंत काकांनी ट्रक भंगाराच्या भावाने विकला होता. नेणाऱ्याने क्रेनने उचलण्याआधी बाबांनी सवयीने चाक हलवून पाहिले. किंगपिन अजून घट्ट होती.

ट्रकांबरोबर मिस्त्रीही गेले. काही मोपाच्या विमानतळाच्या बांधकामावर, काही मोटारींच्या शोरूममध्ये, काही घरी बसले. त्यांच्या हातातले ज्ञान कोणत्याच कागदावर लिहिलेले नव्हते.

बर्फातले गॅरेज

दोन वर्षांपूर्वी माझा मामेभाऊ कॅनडाहून चवथीला आला होता. तो तिथे एका लहान गावात राहतो आणि हिवाळ्यात बर्फावर चालणारी गाडी वापरतो : मागे रबरी पट्टा, पुढे चाकांच्या जागी दोन स्की, आणि वळवायला सायकलसारखे हँडल. त्याने मोबाइलवर त्या गाडीच्या दुरुस्तीचे फोटो दाखवले. बाबा चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. त्या गाडीलाही टाय रॉड आहे, बॉल जॉइंट आहेत, स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर आहेत. फरक एवढाच, की तिथे मागच्या पट्ट्याच्या कडेला सरळ पट्टी लावून प्रत्येक स्कीचे अंतर पुढे आणि मागे मोजतात, आणि स्की आत नव्हे तर किंचित बाहेर बघतील अशा ठेवतात. आत वळल्या तर गाडी बर्फावर एकदम इकडे-तिकडे धावते. स्कीखाली कठीण धातूच्या पट्ट्या असतात, त्या बर्फात रुतून गाडी वळवतात. त्या झिजल्या तर हँडल कितीही वळवले तरी गाडी सरळच जाते.

"आणि माप केव्हा करतात?" बाबांनी विचारले. भाऊ म्हणाला, "जॉइंट आणि बुश तपासल्यावर. सैल असतील तर आधी बदलायचे." बाबांनी माझ्याकडे बघितले. त्यांना एवढेच ऐकायचे होते.

मी नंतर त्या गाडीबद्दल वाचले. क्वेबेक प्रांतातल्या व्हाल्कूर गावात जोसेफ-आर्मांड बोम्बार्डिये नावाचा एक तरुण गॅरेज चालवत असे. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग तो लहानपणापासून करत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद असल्याने त्याला इस्पितळात नेता आले नाही आणि तो गेला. त्यानंतर त्याने तो ध्यास सोडला नाही. १९३७ मध्ये त्याला पट्टा फिरवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट मिळाले; मागे पट्टे आणि पुढे स्की असलेल्या त्याच्या गाड्यांतून डॉक्टर, टपाल, शाळेची मुले जाऊ लागली. एका-दोघांसाठीची छोटी गाडी १९५९ मध्ये आली. ही गोष्ट मी बाबांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "गॅरेजवाला होता ना? मग बरोबर."

आज

२०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात पुन्हा काम सुरू झाले. पेडण्यात मोपाचा विमानतळ झाला, पत्रादेवीहून येणारा महामार्ग चौपदरी झाला. रस्ते रुंद झाले तसा वेग वाढला. आता अलाइनमेंट कॅमेऱ्यांनी आणि संगणकाने होते, पडद्यावर आकडे हिरवे झाले की काम झाले. ते यंत्र उत्तम आहे, सळई आणि खडूपेक्षा कितीतरी अचूक. पण झिजलेल्या खिळीवरही तो आकडा हिरवा होऊ शकतो. यंत्र माप सांगते. चाक हलवून बघायला माणूसच लागतो.

हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. माझ्या नोकरीत वाहनांच्या देखभालीचे कागद माझ्या टेबलावर येतात. काही वर्षांपूर्वी एका घाईच्या दिवशी मी गाडी न उचलता, चाक न हलवता, "तपासले" असे लिहून सही केली. काही झाले नाही. ती गाडी सुखरूप आली. पण त्या रात्री जेवताना बाबांच्या नखांकडे माझे लक्ष गेले आणि घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती गाडी उचलून घेतली. टाय रॉडचे एक टोक सैल होते.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे चवथीला मुंबई-पुण्याहून, बेळगावहून गाडीने गावी येतात. काही जण मूर्ती मागच्या सीटवर मांडीवर घेऊन येतात. चित्रशाळेतून निघताना चालकाला "हळू चल" म्हणून सांगायला आपण विसरत नाही. त्याच्या आधी आठ दिवस गॅरेजात जाऊन एवढेच सांगा, की नुसते अलाइनमेंट नको, आधी चाक उचलून हलवून बघा.

बाबा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. हात थरथरतात, नखे स्वच्छ आहेत. तो सायकलवरचा माणूस सहा वर्षांपूर्वी गेला. त्याच्या घरी तांदूळ आणि नारळ घेऊन आता मी जातो. त्याचा मुलगा विचारतो, "दरवर्षी कशाला आणता?" मी अजून त्याला खरे सांगितलेले नाही. बाबांना विचारले, तर ते म्हणाले, यंदा आपण दोघे मिळून जाऊ आणि सांगू.